बिननशेची बाटली आणि ब्रेकवरचा हात

कल्याणप्पाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मुरुम गावातल्या आमच्या गल्लीत तेवढ्या वेळेला फक्त त्याच्या न्हाणीत पाणी वाजायचं. अंघोळ, कपाळाला विभूती, रात्रीची भाकरी, चहा. मग सायकल काढून तो आमच्या आधी विहिरीवर पोचायचा. लवकर ये असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लवकर येण्याची वेगळी मजुरीही नव्हती.

आम्ही विहिरी खोदायचो. काम यारीवर चालायचं. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभा केलेला लांब लोखंडी हात. त्यावरून तारेचा दोर खाली जातो आणि दोराला मोठी बादली असते. दगड वर येतात ते इंजिनाच्या जोरावर. माणूस बादलीत उभा राहून खाली जातो तो मात्र नुसत्या ब्रेकवर. तो ब्रेक कल्याणप्पाच्या हातात असायचा.

आल्या आल्या तो एक फडकं घ्यायचा आणि सगळी तार फडक्यातून सरकवायचा. तारेचा एखादा धागा तुटला असेल तर फडकं अडकतं. डोळ्याला दिसत नाही ते फडक्याला सापडतं. अडकलं की तो इंजिन सुरू करू द्यायचा नाही. यारी ज्याची होती तो मुकादम रणधीर वैतागायचा.

"अप्पा, येका धाग्यानं काय हुतंय?"

"मग आज तू उतर."

रणधीर कधी उतरला नाही. तार दुरुस्त व्हायची.

आमच्यात एक रीत होती. खाली उतरणारा आधी ब्रेकवाल्याकडं जायचा आणि चुना मागायचा. तंबाखू मळता मळता दोन शब्द बोलायचा, अगदी तोंडासमोर तोंड आणून. चुना स्वतःच्या खिशात असला तरी मागायचा. कारण चुना हे निमित्त होतं, घ्यायचा असायचा तोंडाचा वास. ब्रेकवाल्याच्या तोंडाला दारूचा वास आला तर उतरायचं नाही, आणि का उतरत नाही हे सांगायचंही नाही. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. कल्याणप्पानं जन्मात तंबाखू खाल्ली नाही, पण चुन्याची डबी त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायची.

त्याला एक सवय होती, बिअरची. संध्याकाळी अंगावरची दगडाची भुकटी धुतली की त्याला थंड बाटली लागायची. देशी नाही, दुसरं काही नाही. हायवेच्या कडेला बसून एक बाटली प्यायची आणि घरी जायचं. घर लिंगायताचं, गळ्यात लिंग. बायको नागम्मा बाटली उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. तोही कधी नेत नसे. पुढं एकाच्या दोन झाल्या, उन्हाळ्यात तीन. सकाळी वास थोडा असायचा. आम्ही तो मोजत नव्हतो, कारण त्याचा हात कधी चुकला नव्हता.

मग एका चैत्रात चुकला. बादलीत उत्तरेश्वर होता. माझ्यासोबतचाच खोदणारा, वयानं लहान, तोंडानं मोठा. अर्ध्या विहिरीत ब्रेक सुटला, बादली पुरुषभर खाली पडली आणि हिसका देऊन थांबली. उत्तरेश्वरचा गुडघा फुटला. एवढंच झालं. आणखी पुरुषभर गेली असती तर खाली नुसता खडक होता.

इंजिनानं त्याला वर घेतलं. मग कल्याणप्पानं ब्रेकवरचा हात उचलून डोळ्यांपुढं धरला आणि बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. तार फडक्यातून काढली. डबी हातात घेऊन ब्रेकजवळ उभा राहिला. चुना मागायला कुणी गेलं नाही. थोड्या वेळानं त्यानं डबी खिशात ठेवली, घमेलं उचललं आणि ट्रॉलीत दगड भरायला गेला. ब्रेक रणधीरनं धरला. तो बरा धरायचा, पण बादली टेकताना आपटायची.

दगड भरणं हे मान खाली घालून करायचं काम. पन्नाशीच्या माणसानं ते पावसाळ्यापर्यंत केलं. एकदाही ब्रेक मागितला नाही.

बिअर त्यानं ब्रेक सुटला त्याच दिवशी सोडली. नागम्मानं विचारलं, तेव्हा एकच शब्द बोलला. "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. पण सोडणं आणि सुटणं वेगळं. संध्याकाळ झाली की तो अंगणात येरझाऱ्या घालायचा. चहा प्यायचा, ताक प्यायचा, लिंबाचं सरबत प्यायचा. त्याला नशा नको होती. त्याला तो थंड कडू घोट हवा होता, काम संपल्याची खूण म्हणून.

मुलगी शिवप्रिया उमरग्याला मोठ्या किराणा दुकानात कामाला होती. तिनं एकदा पिशवीतून हिरवी बाटली आणली. मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो.

नागम्मा दारातच आडवी आली. "पोरी, बापाला सुटलीया तर तू आणून पाजतीस?"

"अव्वा, ह्यात दारू न्हाय. बिनदारूची बिअर हाय ही. आमच्या दुकानात कोल्ड्रिंकच्या शेजारी ठेवत्यात. बारकी पोरं बी घेऊन जात्यात."

"दिसती तर तशीच."

"दिसती तशीच. चढत न्हाय."

"मग घेत्यात कशाला?"

कल्याणप्पानं बाटली घेतली, उंबऱ्याबाहेर येऊन माझ्या शेजारी बसला आणि एक घोट घेतला. डोळे मिटले. मग म्हणाला, "कडू हाय."

"चांगली का वाईट?" मी विचारलं.

"थोडी पांचट. पण थंड हाय."

नागम्मानं शेवटी एवढं मान्य केलं की बाटली बाहेर प्यायची आणि रिकामी झाली की बाहेरच ठेवायची. तेव्हापासून संध्याकाळी ओट्यावर त्याची एक बाटली ठरली. किंमत साध्या बिअरच्या आसपासच. त्यावरून उत्तरेश्वरनं त्याला विहिरीवर सोडलं नाही.

"अप्पा, पैसं तेवढंच आन् चढत न्हाय? ही तर बिननवरदेवाची वरात झाली."

"वरातीत नाचनाऱ्याला नवरदेव लागत न्हाय," कल्याणप्पा म्हणाला आणि घमेलं उचललं.

दिवाळीनंतर पुन्हा काम निघालं. कोराळच्या वाटेवर एका शेतात थोडी खोदून ठेवलेली विहीर होती. पहिल्या सकाळी तो फडक्यातून तार काढत होता, तेव्हा मी त्याच्याकडं गेलो आणि चुना मागितला. त्यानं माझ्याकडं बघितलं. डबी काढली. मी तंबाखू मळत उभा राहिलो, पावसाबद्दल बोललो, सोयाबीनबद्दल बोललो. त्याच्या तोंडाला विभूतीचा आणि चहाचा वास होता. मी बादलीत जाऊन उभा राहिलो.

रणधीर बाजूला झाला आणि कल्याणप्पानं ब्रेक धरला. बादली खाली टेकली, तेव्हा मला टेकल्याचं कळलं नाही. इतका हलका हात परत आला होता.

उत्तरेश्वर दहा-बारा दिवस बादली टाळून विहिरीच्या कडेला कोरलेल्या पायऱ्यांच्या खाचांतून उतरला. काम वाढतं त्यानं, पण त्याला कुणी काही म्हटलं नाही. गुडघा त्याचा होता. पुढं विहीर खोल गेली, खाचा संपल्या, तेव्हा त्यानंही चुना मागायला सुरुवात केली.

मग कल्याणप्पाची चूक झाली. वाईट हेतूनं नव्हे, पण चूकच. फाल्गुनातलं ऊन होतं. विहिरीला खडक लागला होता. आम्ही दुपारी बाभळीखाली भाकरी खायला बसलो. शेतमालकानं पाण्यासाठी बर्फ आणला होता. कल्याणप्पानं पिशवीतून ती हिरवी बाटली काढली, बर्फात ठेवली आणि भाकरी झाल्यावर प्याला. त्याच्या लेखी ते सरबत होतं. लपवलं नाही. पण मी आणि उत्तरेश्वर तेव्हा आडवे झालो होतो, आम्ही पाहिलं नाही.

ऊन कलल्यावर उत्तरेश्वर उठला आणि चुना मागायला गेला. डबी घेतली आणि तशीच परत दिली. तंबाखू मळली नाही. बादलीकडं न जाता बाभळीखाली येऊन बसला.

रीत अशी की कारण विचारायचं नाही. पण कल्याणप्पाला कळलं. तो बाटली घेऊन आला.

"उत्तरेश्वर, हे बघ. लिव्हलंय हिच्यावर. शून्य. दारू न्हाय हिच्यात."

"बाटलीवर काय बी लिव्हत्यात, अप्पा. तुमच्या तोंडाला बिअरचा वास हाय. म्या तो वास घिऊन येकदा पडलोय."

"ती येगळी हुती."

"तुमाला येगळी. वासाला कुठं येगळी?"

कल्याणप्पा माझ्याकडं वळला. मला ती बाटली माहीत होती. ओट्यावर त्याच्या शेजारी बसून मी ती शंभरदा पाहिली होती. तरी मी उठलो नाही. ओट्यावरून पाहणं वेगळं आणि बादलीत उभं राहणं वेगळं. आज विचारलं तरी मी उठणार नाही.

रणधीरनं इंजिन बंद केलं. अर्धा दिवस सगळ्यांचा बुडाला. जाताना तो म्हणाला, "अप्पा, परवा जर ही दोघं उतरली न्हायती, तर मला दुसरा ब्रेकवाला बघावा लागल. आन् मग पुना घमेलं न्हाय. मग घरीच."

परवा म्हणाला, कारण दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला यारी बंद.

अमावस्येच्या सकाळी कल्याणप्पा सायकलच्या कॅरिअरला खोकं बांधून उत्तरेश्वरच्या दारात आला. मलाही तिथं बोलावलं होतं. खोक्यात त्याच बाटल्या. शिवप्रियाकडून आणलेल्या, बुचं बंद.

"फोड," तो उत्तरेश्वरला म्हणाला. "तुझ्या हातानं फोड. तू पिनारा हायस, तुला चढल्यालं कळतं. पी आन् सांग."

"सकाळी सकाळी?"

"आज यारी बंद हाय. तुला कुठं उतरायचंय?"

आम्ही दोघांनी प्यायला सुरुवात केली. एक झाली, दुसरी झाली. कल्याणप्पा समोर बसून बघत होता, स्वतः हात लावला नाही. उत्तरेश्वरची बायको दैवशाला शेण टाकून आली, दारात थांबली आणि नाकाला पदर लावला.

"आवं, दिस उगवला न्हाय तर बसलाव व्हय! आन् अप्पा, तुमी? तुमी तर सोडली हुती की!"

"दैवशाला, ही दारू न्हाय," उत्तरेश्वर म्हणाला.

"व्हय. रोजच न्हाय म्हंता."

तिनं आत जाऊन भांडी आपटली. उत्तरेश्वर तिसऱ्या बाटलीवर होता. डोकं हलवून बघितलं. उठून अंगणात सरळ चालला. परत आला. मग कडुनिंबाच्या मागं गेला. परत आला. पुन्हा गेला.

"काय?" कल्याणप्पानं विचारलं.

"पोट तट्ट झालंय. बाकी काय न्हाय. हितं डोक्यात चढतंय म्हनून वाट बघतोय, तर समदं खालीच उतरतंय."

मी हसलो. कल्याणप्पाही हसला, चैत्रापासून पहिल्यांदाच. पण उत्तरेश्वर हसला नाही. रिकामी बाटली त्यानं नाकाशी धरली.

"चढत न्हाय, हे खरं, अप्पा. तुमी खोटं बोलला न्हाय. पन वास तोच हाय. माझ्याच बायकोला फरक कळला न्हाय. मग उद्या तुमच्या तोंडाला वास आला, तर ती ही का ती, हे म्या कसं वळखायचं?"

मला वाटलं, आता कल्याणप्पा चिडेल. खोकंभर बाटल्या पाजल्या, खरेपणा सिद्ध केला, आणि तरी हे. त्यानं बुच बोटात फिरवलं.

"वळखायचं न्हाय," तो म्हणाला. "तू कशाला वळखायचं? माजं चुकलं ते बाटलीत न्हाय, दुपारी पिन्यात. मला ठावं हुतं की नशा न्हाय. तुला कुठं ठावं हुतं? उतरनाऱ्याच्या मनात शंका आली की ब्रेक सुटल्यासारखाच हाय. म्या आता काम सुटल्यावर ओट्यावर पिनार. यारीच्या आसपास बाटली दिसनार न्हाय. वास आला तर उतरू नको. मला इचारू बी नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या न्हाणीत पाणी वाजलं. आम्ही पोचलो तेव्हा तार फडक्यातून निघाली होती. रणधीर इंजिनाशी उभा राहून बघत होता. उत्तरेश्वर ब्रेकजवळ गेला.

"अप्पा, चुना."

डबी उघडली. उत्तरेश्वरनं तंबाखू इतकी मळली की तिचा भुगा झाला. दैवशालाचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, आमच्या गल्लीतल्या नळाचं सांगितलं. कल्याणप्पा तोंड त्याच्या तोंडासमोर धरून उभा होता. शेवटी उत्तरेश्वरनं डबीचं झाकण लावून ती स्वतःच त्याच्या खिशात घातली आणि बादलीत जाऊन उभा राहिला.

"हळू सोडा," तो म्हणाला.

"रोजच हळू सोडतो."

मी काठावरून पाहत होतो. दोर सरकत होता, पण तार कुठं थरथरत नव्हती. खालून आवाज आला, "टेकली."

त्या विहिरीला पुढच्या महिन्यात पाणी लागलं. शेतमालकानं रीतीप्रमाणं मटणाचं जेवण आणि बाटल्या दिल्या. कल्याणप्पानं नुसता भात आणि आमटी खाल्ली, आणि घरी जाऊन ओट्यावर आपली एक बाटली प्याला.

त्यानंतर तो ब्रेकवरच राहिला. बेंबळीला, आलूरला, कर्नाटकाच्या हद्दीपलीकडंही आमची यारी गेली. त्याच्या हातून पुन्हा बादली सुटली नाही. माझे गुडघे गेले आणि मी काम सोडलं. रणधीरनं मोठं मशीन घेतलं आणि यारी विकायला काढली. ती कल्याणप्पानं घेतली. मजुरीतून जेवढं मागं पडलं होतं, ते जवळपास सगळं त्यात गेलं. रंग उडाला होता, तो त्यानं दिला नाही. इंजिनाला आवाज होता, तो तसाच ठेवला. उत्तरेश्वर म्हणाला, "अप्पा, मालक झालाव, एक पाटी तरी लावा नावाची." पाटीही लावली नाही. उरलेल्या पैशात त्यानं सोलापूरहून एकच वस्तू आणली, यारीला पुरेल एवढी नवी कोरी तार.