ढोलात झोपणारी गुणी पोर

माझी लेक अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि त्याचं कारण आमच्या लालबागच्या चाळीत माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. "तू नोकरीला जातेस, पोरीशी बोलणार कोण?" "आजी मालवणी बोलते, तू मराठी, टीव्हीवर हिंदी, पोर गोंधळणार नाही तर काय?" "मोबाईल दिलास ना हातात? भोग आता." शेजारच्या काकूंनी वेखंड आणून दिलं, मधात उगाळून जिभेला लाव म्हणाल्या. म्हटलं, चला, तेही करून बघू.

सासूबाईंचं एकच पालुपद. "हिचो बापूस चार वर्सांचो होईसर बोलूक नाय होतो. आता गप रवता काय?" यावर नवरा खुशाल हसायचा. हसायला काय जातंय! बाप उशिरा बोलला म्हणून लेकीला डॉक्टरकडे न्यायचं नाही, हे कुठलं शास्त्र? मी विषय काढला की "तुका घाईच भारी", झालं.

कौतुक मात्र उदंड. गणपतीच्या आगमनाला आमच्या गल्लीत ढोल-ताशे असे वाजतात की मांडणीवरची भांडी थरथरतात. बाकीची पोरं भोकाड पसरून आयांना बिलगलेली, आणि माझी माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली. "किती गुणी गं पोर तुझी! काही म्हणून त्रास नाही." सासूबाईंनी तर घरी येऊन तिची दृष्ट काढली. अहो, दृष्ट कसली काढता! एवढ्या ढोलात जे पोर कूससुद्धा बदलत नाही, त्याचे कान बघायचे की त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या? एवढी शहाणी माणसं, एकाच्याही डोक्यात येऊ नये? आजही आठवलं की माझं टाळकं सटकतं.

मग एका रविवारी माळ्यावरून पितळी पातेलं धाडकन खाली आलं, बरोबर तिच्या पाठीमागे. मी किंचाळले. ती बाहुलीला भरवत राहिली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, कुणाला न विचारता, मी तिला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. बहुतेक जन्मापासून. बोलणं शिकायची वर्षं हीच असतात हो. आणखी आधी आणलं असतंत तर..." मी म्हटलं, पुढचं बोलू नका.

महिन्याभराने दोन्ही कानांना ऐकण्याची मशीनं बसली. बाईंनी नवऱ्यालाही समोर बसवून बजावलं, जागेपणी मशीन काढायचं नाही आणि घरातल्या प्रत्येकाने तिच्याशी बोलायचं, भाषा कुठलीही असो. कितपत बोलेल, ते आत्ताच सांगता येणार नाही.

घरी आलो. वाटेत दोनदा हाक मारली, पण तिने वळून पाहिलं नाही. लेक खिडकीशी खेळत बसली. सासूबाईंनी तिचे कान पाहिले आणि कपाळाला हात लावला. "चेडवाची जात. लोक काय म्हणतले? उद्या लगीन कोण करतलो? पावणे येवचे आसत, ते जायसर काढून ठेव." असं म्हणून त्या स्वतःच मशीन काढायला वाकल्या.

"हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की गॅलरीतून माणसं डोकावली.

आणि माझ्याकडे पाठ करून बसलेली माझी लेक दचकून वळली. माझ्याकडे बघत राहिली आणि मोठ्याने रडायला लागली.

"ऐकलं तिने," नवरा म्हणाला.

ऐकलं! इतके दिवस सोन्या, राजा, बाळा म्हणून मी हाका मारल्या, अंगाई गायले, त्यातलं अक्षरही तिच्यापर्यंत गेलं नव्हतं. आईचा आवाज म्हणून तिला पहिलं काय मिळालं, तर हे भांडण. माझ्या वाट्याचं तेवढंसुद्धा यांनी नीट होऊ दिलं नाही.

सासूबाई डोळे पुसत तिला उचलायला पुढे झाल्या. मी आडवी आले.

"नुसतं उचलू नका, आई. आधी तिच्याशी बोला."