न ओढणारं मशीन

आमच्या भागात माझ्या सासूबाई 'गालिचेवाल्या काकू' म्हणून ओळखल्या जातात. हॉटेलं, दवाखाने, ऑफिसं, जिथे म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घातलंय तिथे ते धुवायला काकूच लागतात. उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र तळमजल्यावरून गच्चीपर्यंत पोचणारा. राग माझ्याही नाकावर असतो, त्यामुळे घरात जरा शांतता पसरली की माझा नवरा घाबरून विचारतो, "काय झालं?"

हा धंदा मूळचा सासऱ्यांचा. ते आजारी पडले तेव्हा अंथरुणातून सांगत गेले आणि सासूबाई मशीन चालवायला शिकत गेल्या. ते मशीन म्हणजे जाडजूड गोल ब्रश आणि त्याच्या डोक्यावर मोटार. ब्रश एकाच दिशेने गरागरा फिरतो, म्हणून मशीन सतत बाजूला ओढ घेतं. दांडा जरा उचलला की उजवीकडे पळतं, जरा दाबला की डावीकडे. पहिल्याच दिवशी त्याने सासूबाईंना फरफटत नेऊन कपाटावर आदळलं. त्या उठल्या, त्याचं नाव 'रेडा' ठेवलं आणि पुन्हा दांडा धरला. पुढे पुढे तो रेडा असा वठणीवर आला, की टेबलाच्या पायाला वळसा घालून गेला तरी पायाला ओल लागायची नाही. सासरे गेल्यावर घर चाललं, नवऱ्याचं शिक्षण झालं, ते या रेड्याच्या जिवावर.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझी नोकरी नुकतीच गेली होती आणि जो तो 'मग आता काय करणार?' म्हणून डोकं खात होता. सासूबाई म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. दोघी घरी बसलो तर एकमेकींच्या झिंज्या उपटू." मी गेले. चहाचा डाग कसा काढायचा, शाईचा कसा, रक्ताला गरम पाणी का लावायचं नाही, डाग बाहेरून आत का टिपत यायचा, हे सगळं त्यांनी मला ओरडून ओरडून शिकवलं. मी कशाच्याच लायकीची नाही असं मला स्वतःलाच वाटत होतं तेव्हा या बाईने माझ्या हातात एक कसब दिलं. ते उपकार फिटायचे नाहीत. रेडा मात्र त्यांनी मला कधी धरू दिला नाही. "तुला नाही झेपायचा," एवढंच म्हणायच्या.

मग त्यांचा उजवा खांदा गेला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हात बरा होईल. पण ते मशीन परत धरलंत तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका."

"बरंच झालं," नवरा म्हणाला. "आई, आयुष्यभर राबलीस. आता बस निवांत."

आता, सासूबाईंना निवांत बस म्हणणं म्हणजे माशाला जरा कोरड्यात आराम कर म्हणण्यासारखं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं त्यांचं सुरू झालं. दारातल्या पायपुसण्याचे दोरे त्या कंगव्याने विंचरू लागल्या. शेजारणीच्या घरी जाऊन तिच्या सतरंजीला नावं ठेवून आल्या. तिथवर मी हसत होते. पण हळूहळू त्यांनी ओरडणंच सोडलं. मी भाजी करपवली तरी गप्प. एकदा सकाळी उन्हं वर आली तरी त्या पडूनच होत्या. मी हाक मारली तर म्हणाल्या, "उठून करू काय गं?"

हात बरा होईल, पण काम परत मिळालं नाही तर ही बाई आमच्या डोळ्यांदेखत मिटत जाणार, हे मला त्या क्षणी दिसलं.

मी शोधाशोध सुरू केली आणि मला ऑर्बिटल मशीनचा पत्ता लागला. त्याची खालची पाटी रेड्यासारखी गरागरा फिरत नाही. पीठ चाळताना आपण चाळणीला जशी बारीक गिरकी देतो, तशी ती जागच्या जागी भराभरा हलते. पाटीखाली सुती पॅड असतं, ते मळ उचलून घेतं. आणि मुख्य म्हणजे मशीन कुठल्याच बाजूला ओढत नाही, म्हणजे खांद्याला हिसका नाही. मी हे उत्साहाने सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "ओढत नाही ते मशीन घासणार काय, कपाळ?"

पण बोलल्या! मला तेवढंच हवं होतं.

आमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या हॉटेलात एक कॉरिडॉर रंगकामासाठी बंद होता. मॅनेजरने तिथलं कार्पेट आमच्या ताब्यात दिलं आणि मशीनचा विक्रेता तीन मशीनं घेऊन हजर झाला. माणूस भला, पण तोंडाचा पट्टा असा की मोटार बंद असताना जास्त आवाज. सासूबाईंनी त्याला खुर्ची देऊन गप्प बसवलं आणि मशीनांची नावं ठेवली: थोरली, मधली, धाकटी. मग चिकटपट्टी लावून कार्पेटचे तीन पट्टे आखायला लावले. तिन्हीकडे धुण्याचं औषध सारखं, फेऱ्या सारख्या. पारख कशी करायची तेही ठरलेलं: पट्टा वाळत आला की ओला पांढरा फडका टाचेखाली धरायचा आणि अंगाचा भार देऊन फिरवायचा. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या कार्पेटच्या मुळाशी काय दडलंय ते फडका सांगतो.

थोरलीपासून सुरुवात झाली. सासूबाईंनी दांडा धरला, बटण दाबलं आणि मशीन तिरकं जाऊन भिंतीच्या तळाच्या पट्टीवर आपटलं.

इतक्या वर्षांत त्यांनी कधी भिंतीला मशीन लागू दिलं नव्हतं. त्या थबकल्या, मशीन मागे घेतलं, पुन्हा निघाल्या. या वेळी समोरच्या भिंतीवर. मग मधली घेतली, तीही वाकडी. धाकटी तर बिचारी हलकीफुलकी, ती नागमोडी पळत दारातल्या रंगाच्या डब्यावर गेली.

"इथली जमीन उतरती आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. एरवी यावर मला चार शब्द ऐकावे लागले असते. आज त्या बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू चालव."

मी चालवलं. तिन्ही मशीनं सरळ गेली. मला काही विशेष करावंच लागलं नाही, मी नुसती मागून चालत होते.

फडक्यांनी निकाल दिला. थोरलीच्या पट्ट्यावर फडका पांढराच राहिला, पण ती जिन्यावरून चढवायला दोन धट्टीकट्टी माणसं लागली असती. धाकटी पिशवीसारखी एका हातात उचलता येत होती, पण तिच्या दांड्याने माझ्या बोटांना मुंग्या आल्या, आणि फडका निघाला राखाडी. मळ मुळाशी तसाच होता. मधलीला थोरलीपेक्षा वेळ लागला, वायरही आखूड होती. पण तिच्यावरची लोखंडी वजनं काढता-घालता येत होती. जिन्यात काढायची, कार्पेटवर चढवायची. तिचा फडका जवळपास पांढरा होता. आणि रेडा मागे सोडतो तसे गोल गोल वळ एकाही पट्ट्यावर नव्हते.

"मधली चांगली आहे," सासूबाई म्हणाल्या. "काम चोख करते. पण माझ्या हातांना ती कळत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. रेडा उजवीकडे ओढणार म्हणून त्यांचे हात आधीच त्याला डावीकडे रेटत होते. आता ओढणारं कुणी नव्हतं, पण हात रेटतच होते. मला रेडा येतच नव्हता, म्हणून माझे हात कुणाशी भांडत नव्हते.

"म्हणजे मला रेडा दिला नाहीत ते बरंच केलंत," मी म्हटलं.

"मुद्दामच नाही दिला," त्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "हा काय एका दिवसात गेला? कधीपासून दुखत होता. तुझा पण घालवायचा होता का?"

मी इतकी वर्षं मनात धुसफुसत होते, की ही बाई मला कमी लेखते. मी विक्रेत्याकडे वळून म्हटलं, "ही मधली आमच्याकडे ठेवून जा. बघू आठवडाभर."

घरी बाहेरच्या खोलीतलं सामान मी भिंतीला सरकवलं, जुनं कार्पेट अंथरलं आणि शिकवणी सुरू केली. पालथ्या घड्यावर पाणी! मी सांगायची, "हात सैल सोडा." त्या म्हणायच्या, "सैलच आहे," आणि मशीन शूजच्या कपाटात. मी ओरडायची. त्या ओरडायच्या. नवरा जेवणाचं ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसायचा. "जित्याची खोड आहे, जायची नाही," एक दिवस सासूबाई हताश होऊन म्हणाल्या. "घेऊन जा म्हणावं त्याला."

मी नीट बघितलं. दुखरा उजवा हात दांड्यावर नुसता टेकलेला होता. रेटारेटी सगळी डाव्या हाताची.

"डावा हात खिशात घाला," मी म्हटलं.

"काय?"

"एप्रनच्या खिशात. आणि काढलात तर बघा."

"अगं, या उजव्यात जोर कुठाय?"

"म्हणूनच!"

त्यांनी मला वेड्यात काढलं, पण हात खिशात घातला. उजव्या हाताची बोटं दांड्यावर ठेवून बटण दाबलं. त्या हातात भांडायची ताकदच नव्हती. मशीन निघालं ते सरळ, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. सासूबाई तिथे पोचल्या, वळल्या आणि परत आल्या. मग पुन्हा गेल्या. ज्या हाताला सगळ्यांनी बाद ठरवलं होतं, तोच हात मशीन चालवत होता. गॅलरीतून नवरा ताट हातात घेऊनच दारात आला आणि त्याचे डोळे भरले. सासूबाई त्याच्यावर खेकसल्या, "कार्पेटवर खरकटं सांडशील!" तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पुढच्याच महिन्यात त्याच हॉटेलच्या जेवणाच्या हॉलचं काम आलं. डावा हात तोवर शहाणा झाला होता, तरी सासूबाई अधूनमधून तो खिशात घालत, आठवण म्हणून. टेबलांच्या पायांमधून मधली अशी अलगद फिरत होती की मॅनेजर काम सोडून बघत उभा राहिला. म्हणाला, "काकू, त्या दिवशी तर तुम्ही भिंतींवर धडकत होतात. हे कुठे शिकलात? आमच्या सफाईच्या माणसांनाही पाठवतो तिथे."

सासूबाईंनी मशीन बंद केलं, हॉलमधल्या सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

"हिने शिकवलं मला," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "पाठवा खुशाल. पण आधीच सांगते, बाई फार ओरडते."

सगळे हसले. मला या धंद्यातलं अक्षर न् अक्षर जिने गिरवायला लावलं, ती चारचौघांत मला गुरू म्हणत होती. मी पॅड बदलायच्या निमित्ताने खाली वाकले आणि डोळे पुसले.

"झालं का गं?" वरून आवाज आला. "अर्धा हॉल राहिलाय अजून."