दगाकाकांची सव्वा मूठ

समस्त वाचकवर्गास अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, हातात चहाचा कप असल्यास तो खाली ठेवावा. पुढील मजकुरात कप फुटल्यास लेखक जबाबदार नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. वय वर्षं त्रेपन्न, मुक्काम धुळे. भूत, खेत, हडळ या मंडळींशी माझा काडीचा संबंध नाही. आमच्या सौ. तर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. घरात पाल चुकचुकली तरी तिचं शास्त्रीय कारण मिळतं! तर अशा घरात हे घडलं...

श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे कानबाई, म्हणजे आम्हा खानदेशवाल्यांची देवी, बसते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो — कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक हयात पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. तो गोड रोट भाऊबंदांनीच खायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. आमच्या घरात पुरुष दोन. मी, आणि माझे चुलते नाना, वय एक्याऐंशी. पण मुठी पडतात तीन. तिसरी दगाकाकांची.

दगाकाका म्हणजे नानांचे थोरले भाऊ. चाळीस वर्षांपूर्वी कामासाठी सुरतच्या गाडीत बसले, ते परत आलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. पण मूठ फक्त जिवंत माणसाची पडते ना... म्हणून नानांनी एकही वर्ष ती चुकवली नाही. ती मूठ थांबली, की दगाकाका गेले.

यंदा नानांचा हात फार थरथरायला लागला, म्हणून गहू मी घेतले. आणि इथे मी माती खाल्ली. दगाकाकांच्या वाट्याचा रोट दरवर्षी मलाच संपवावा लागतो आणि माझी शुगर आभाळाला भिडते. मी दोनच मुठी टाकल्या.

"दगानी मूठ टाकी ना रे?" नानांनी विचारलं.

"टाकी ना, नाना!" मी बेधडक ठोकून दिलं.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी आम्ही तिघं गाडी काढून निघालो. सौ.नी वेळापत्रक लिहून आणलं होतं — आधी लळिंगचा किल्ला, मग साक्रीकडे भामेर, वेळ उरला तर बलसाण्याची जुनी देवळं. भामेर नानांच्या हट्टाखातर. तिथं त्यांचं आजोळ. तिथल्या डोंगरातल्या लेण्यांपाशी लहानपणी दोघं भाऊ शेळ्या चारायचे. मी गाडी चालवत होतो, सौ. शेजारी, नाना मागे. नानांच्या मांडीवर रोटाचा डबा.

लळिंगच्या पायथ्याशी चहा सांगितला. टपरीवाल्यानं खिडकीशी चार कप आणले.

"तीन सांगितले होते, भाऊ."

"त्या मांगे बठेल दुसरा बाबा चहा नही पेतस का?"

मी मागे पाहिलं. नाना, आणि शेजारची रिकामी सीट.

"काचेतलं प्रतिबिंब," सौ. म्हणाल्या. मी मोठ्यानं हसलो. जरा जास्तच मोठ्यानं.

भामेरला पोचलो तेव्हा भर दुपार होती. आभाळ भरून आलेलं, डोंगर हिरवागार, आणि वारा अजिबात नाही. गावातल्या जुन्या दगडी कमानीशी एका अक्कांनी न मागता पाणी आणलं. दोन पेले आम्हाला पुढे दिले, दोन मागच्या खिडकीतून आत. त्यांनी परत नेले तेव्हा चारही पेले रिकामे होते.

"नाना, तुम्ही दोन प्यायलात?" मी विचारलं.

"एकच," नाना म्हणाले आणि शेजारच्या सीटकडे बघत राहिले.

मी आरसा वर वळवून टाकला. लेणी समोर दिसत होती, पण गाडीतून उतरायचं कुणी नाव घेईना. नानांनी डबा उघडला, रोटाचे चार तुकडे केले आणि चौथा हातात धरून थांबले.

मग मात्र माझा धीर सुटला. "नाना... मी खोटं बोललो. दगाकाकांची मूठ मी टाकली नाही."

नानांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

"तरीच..." नाना हळूच म्हणाले, "सकायपाईन मन्हा बाजूले कोनी तरी बठेल शे. माले वाटनं, म्हातारपन शे. दगा उपाशी शे रे..." त्यांनी चौथ्या तुकड्यावर आपलाही तुकडा ठेवला आणि दोन्ही शेजारच्या सीटवर मांडले. "खाई ले, दगा."

बलसाणं राहिलं. सौ. धुळ्यापर्यंत सगळं समजावत होत्या — काचेचा कोन, सांडलेलं पाणी, म्हाताऱ्या माणसाचा विसरभोळेपणा. मी मान डोलावत होतो. मागे एकदाही वळून पाहिलं नाही. दगाकाका कुठे आहेत, आहेत की नाहीत, हे आजही ठाऊक नाही. त्या दिवसाचा उलगडाही झालेला नाही. पुढच्या वर्षी मुठी तीनच पडणार, एवढं मात्र नक्की.

संध्याकाळचे पाच. लख्ख उजेड होता. दारात गाडी लावली, नानांना धरून उतरवलं. सीटवर फक्त चार कण उरले होते. मी मागचं दार जोरात ओढणार, एवढ्यात आमच्या विज्ञानाच्या बाई किंचाळल्या —

"अहो, थांबा! दगाकाकांचा हात चेंगरेल दारात!"