याकूबभाईंची अटक

रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करणारे याकूबभाई यंदा जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी राजुऱ्यात आपल्या दुकानात वारले. वय एकाहत्तर होतं. जुम्म्याची नमाज पढून ते दोनच्या सुमारास परतले, शटर अर्धं खाली ओढलं आणि खुर्चीत बसले. तीन वाजले तरी दुकानातून आवाज आला नाही, म्हणून त्यांच्या धाकट्या भावाची बायको शमीमभाभी मागच्या घरातून पाहायला आल्या. रेकॉर्डप्लेअरचं मशीन बंद होतं. सुईची दांडी तिच्या जागेवर होती. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका लिहिला.

आवाज आला नाही म्हणून भाभी का उठल्या, ते सांगायला नऊ वर्षं मागे जावं लागतं.

मी तेव्हा राजुऱ्याचा वार्ताहर होतो. एका शुक्रवारी बसस्टँडजवळच्या चहावाल्याला फोन करून विचारलं, काही आहे का. तो म्हणाला, "काई नाई जी, याकूबभाईच्या दुकानात अटक चालू हाय." पुढचं मी ऐकलं नाही. वही घेऊन निघालो. दुकानात पोलीस नव्हते. एक पांढऱ्या दाढीचा माणूस डोळे मिटून बसला होता. समोर एक तबकडी फिरत होती आणि एकाच जागी अडकली होती. ढोलाचा एक ठोका, पितळी वाद्यांची एक फुंक आणि मग गायकाचा चिरका आवाज: "इथी." पुन्हा ठोका, पुन्हा फुंक, पुन्हा "इथी." इकडच्या बोलीत इथी म्हणजे इथे.

"अटक कोणाला झाली?" मी विचारलं.

त्यांनी एक डोळा उघडला. "सुईले."

मग त्यांनी दांडी उचलली, तबकडी मलमलीत पुसली आणि म्हणाले, "बसा, पेपरवाले भाऊ. धावत आले वाटते. च्या घ्या, पोलीस येतीन तवा पाहू."

तबकडी अमेरिकेतल्या काळ्या गायकांची होती, सत्तरच्या दशकातली. तिथे या संगीताला सोल आणि फंक म्हणतात. याकूबभाई त्याला 'पोटातलं गाणं' म्हणत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्या एकाच अल्बमच्या त्यांच्याकडे तीन तबकड्या होत्या: एक अमेरिकेत छापलेली, एक इंग्लंडात, एक भारतात. तिन्ही त्यांचा धाकटा भाऊ इस्माईल यानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून वेगवेगळ्या खेपांना आणल्या होत्या. इस्माईल जिवतीच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा. गाण्याचं वेड त्याचं. याकूबभाईंना वेड छपाईचं होतं.

"हे अमेरिकेवाली पाहा," ते म्हणत, "खालचा सूर जमिनीतून येते. इंग्लंडवाली साफ हाय, पण पाहुण्यासारखी बोलते. अन् आपली वजनदार, थोडी बहिरी. पण घरची हाय." तबकडीच्या आतल्या गुळगुळीत पट्टीवर, जिथे गाणी संपतात, बारीक अक्षरांत एक नंबर कोरलेला असतो. छपाई त्यावरून ओळखतात. तिन्ही नंबर त्यांनी मला भिंगातून दाखवले आणि वहीत लिहून घ्यायला लावले. "कव्हर बदलते, मधला कागद बदलते. नंबर नाई बदलत. तुमच्या धंद्यात असं काई हाय का?"

मी नाही म्हणालो.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. इथे खाणींमुळे कोळशाची भुकटी सगळीकडे बसते, तबकडीच्या चरांतही. रिठ्याच्या फेसानं ते ती धूत. ओरखडा पडून सुई अडकत असेल, तर सोनाराचं भिंग डोळ्याला लावून बाभळीच्या काट्याच्या टोकानं तेवढा चर मोकळा करत. लोखंडाची सुई त्यांना चालत नसे. "लोखंड जबरदस्ती करते. काटा विचारून जाते." पण काटा हातात घेण्याआधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारत: "अटक काढू का ठेवू?"

लोक हसत. एकदा मुलचेऱ्याकडच्या एका गावातून एक म्हातारे बंगाली गृहस्थ आले. त्यांची भजनांची तबकडी एका ओळीवर अडकत होती. प्रश्न ऐकून तेही हसले. मग सांगू लागले. त्या ओळीवर अडकली की त्यांची आई आतून ओरडायची, कोणीतरी तिला पुढे ढकला रे. ते म्हणाले, "ठेवा." याकूबभाईंनी तबकडी फक्त धुऊन दिली.

इस्माईल अकरा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी बेपत्ता झाला. दुकानात बसून तो भारतीय छपाईची तबकडी ऐकत होता. बाहेर प्रवाशांनी हॉर्न वाजवला. त्यानं घाईत दांडी उचलली, सुई घसरली आणि ओरखडा पडला. "येऊन पाहतो," असं म्हणून तो गेला. प्रवासी जिवतीला उतरले. जीप दुसऱ्या दिवशी परतीच्या घाटात रस्त्याच्या कडेला उभी सापडली. चावी लागलेली होती. जंगलात चार दिवस शोध झाला. काही मिळालं नाही.

ती बातमी मी दिली होती. चार ओळी, फोनवरून माहिती घेऊन. घरी गेलो नव्हतो, पुढची बातमीही केली नाही. हे याकूबभाईंना पहिल्या भेटीपासून माहीत होतं. तबकडीच्या कव्हरात त्यांनी ते कात्रण ठेवलं होतं. त्यांनी ते मला दाखवलं तेव्हा वर्षभर मी त्यांच्याकडे चहा पीत होतो.

ओरखड्याच्या जागी सुई अडकते, हे इस्माईल गेल्यानंतरच्या शुक्रवारी कळलं. त्या दिवसापासून दर शुक्रवारी नमाजेनंतर ते ती बाजू लावत. "इथी" सात वेळा होऊ देत आणि दांडी उचलत. बाकीच्या दोन तबकड्यांवर ते गाणं आलं की आधीच सुई काढत. त्या घरात ते गाणं पुढे कधी वाजलं नाही.

मी एकदा इंग्लंडची तबकडी कार्यालयात नेऊन पूर्ण ऐकली. परत देताना सांगितलं की 'इथी' असा शब्द गाण्यात नाही. एका इंग्रजी शब्दाची शेपटी आणि पुढच्या शब्दाचं तोंड जुळून तसं ऐकू येतं.

"मले सांगता?" ते म्हणाले. "चाळीस वर्ष झाले हेच काम करून राह्यलो." त्यांनी मलमलीची घडी केली, पुन्हा उलगडली. "पण दुसरं काई काऊन नाई ऐकू येत, भाऊ? जुळाचंच होतं तर काईबी जुळलं असतं."

मी तबकडी कव्हरात घातली.

गेल्या दिवाळीच्या आसपास मी दुकानात असताना शमीमभाभी चहा घेऊन आल्या. कप ठेवले, पण गेल्या नाहीत. घराकडच्या पडद्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "भाईजान, पेपरवाले भाऊ हायेत तं त्यांच्यासमोर बोलते. अकरा वर्ष झाले. मी बायको बी नाई, बेवा बी नाई. मले इद्दतीत बसू द्या."

नवरा वारल्यावर बाई चार महिने दहा दिवस घरात राहून पाळते, ती इद्दत. मोहल्ल्यातल्या मौलानांनी त्यांना सांगितलं होतं, घरातल्या वडील माणसानं इस्माईल गेला असं मानलं की बसता येईल. घरात वडील माणूस एकच होता.

"आवाज येऊन राह्यला," याकूबभाई म्हणाले, "अन् मी त्याले मेला म्हणू?"

"तो आवाज त्यांचा नाई. तव्याचा हाय." तबकडीला त्या घरात तवा म्हणत. "दर जुम्म्याले मी भाकरी टाकता टाकता थांबते. सात वेळा थांबते. किती वर्ष थांबू?"

"अटक काढाले काय लागते. दोन मिनिटाचं काम हाय."

"मंग काढा ना. साऱ्या दुनियेले विचारता, काढू का ठेवू. मले कधी विचारलं?"

याकूबभाई माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमी काय लिवलं होतं?"

"बेपत्ता," मी म्हणालो.

"पाय, शमीम. पेपरात बेपत्ता हाय. अजून बी तेच हाय. मी काय पेपराहून मोठा हावो?"

भाभींनी भरलेले कप उचलून नेले. त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यासमोर काढला नाही. पुढच्या शुक्रवारी मी दुकानावरून गेलो तेव्हा आवाज येत होता. मी सात मोजले.

दफन झाल्यानंतरच्या आठवड्यात भाभींचा फोन आला. "भाऊ, तो तवा लावून देता का? माहा हात होत नाई." मी शुक्रवारी अडीचला गेलो. त्या दिवसापासून दुकानातलं काही हलवलेलं नव्हतं. भारतीय छपाईची तबकडी मशीनवरच होती. कात्रण कव्हरात होतं. भाभी पडद्यामागे बसल्या. मी ती बाजू लावली.

दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं. ठोका आला, फुंक आली, गायकाचा आवाज आला. सुई थांबली नाही. गाणं पुढे गेलं. पितळी वाद्यं वाढत गेली, मग गळत गेली, शेवटी ढोल एकटाच उरला आणि तोही थांबला. पडद्यामागून भाभींनी विचारलं, "अमेरिकेवाली लावली का?"

मी मशीन बंद केलं. भिंग टेबलावर होतं. ते लावून आतल्या पट्टीवरचा नंबर वाचला आणि वहीतल्या नंबरांशी ताडला. भारतीय छपाईचा होता. मग ओरखडा शोधला. तो काठापासून आत येत होता आणि तिसऱ्या गाण्यात एका जागी तुटत होता. तिथला चर मोकळा होता. भिंगाच्या जागेशेजारी बाभळीचा एक काटा पडलेला होता. त्याच्या टोकाला काळी भुकटी होती. कोळशाची नव्हती, बोटाला डाग पडला नाही; तबकडीची होती.

मी हे सगळं याच क्रमानं पडद्याकडे तोंड करून सांगितलं. भाभींनी काटा मागितला. मी पडद्याखालून सरकवला.

त्याच संध्याकाळी मौलानांकडे निरोप गेला, घरातल्या वडील माणसानं मानलं. शमीमभाभी इस्माईलच्या इद्दतीत बसल्या.