वाईटात वाईट पंधरा वेळा

लिहिण्याचा सराव नसताना लिहितो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर. पंचनामे पुष्कळ लिहिले, मनातलं कधी नाही. पण खंडाळ्याच्या बंगल्याचं प्रकरण अजून मनातून जात नाही.

लोणावळ्यात नेमणूक असताना एका दुपारी ठाण्यात फोन आला. "बंगल्यातून पाहुण्यांची सोन्याची चेन गेलीय. झाडूवाल्या मावशीला धरा." बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही.

मावशी बेडसे गावची. तिला घरून जीपमध्ये बसवून आणलं. बाकावर बसून ती एकच सांगत होती, "साहेब, मी झाडू मारायला गेलते. चेन बघितली बी न्हाई. लेकीचं लगीन ठरलंय ओ, गावात त्वांड कसं दावू?"

बंगल्याचा मॅनेजर मात्र शांत होता. पाहुणे फिरायला गेले होते आणि त्यांच्या मुलांनी खेळताना चाव्यांना लावलेले खोल्यांच्या नंबरांचे बिल्ले काढून टाकले होते.

"पाच कुलपं, पाच चाव्या, साहेब. पंचवीस वेळा चावी फिरवली. पाहुणे गेल्यापासून मावशी झाडायला येईपर्यंतचा पाऊण तास त्यातच गेला. मी एकाही खोलीत पाय ठेवला नाही. नंतर मावशीच आत गेली."

ठाण्यात मुद्देमाल खोलीच्या चाव्या मी अनेक वर्षं सांभाळल्या होत्या. चावी लागली की ती जुडग्यातून काढून बाजूला ठेवायची, ही आमची सवय. मी हवालदारांना बंगल्यावर नेलं. "नशीब फुटकं धरा. दर वेळी बरोबर चावी शेवटीच लावा."

"धरायचं काय साहेब, माझं तसंच आहे."

पहिल्या कुलपाला पाच वेळा. ती चावी बाजूला. मग चार, तीन, दोन, एक. वाईटात वाईट पंधरा वेळा. खोल्यांमधल्या चालण्यासकट नऊ मिनिटं.

मॅनेजर म्हणाला, "मी चाव्या बाजूला काढल्या नव्हत्या."

"मग पंचवीस वेळा धरू. पंधरा मिनिटं. उरलेला अर्धा तास कुठे होतास?"

तो खुर्चीवर बसला, पाणी मागितलं. मग आम्हाला पाण्याच्या मोटारीच्या खोलीत घेऊन गेला. चेन पंपामागे पिशवीत होती. फोनही त्यानेच केला होता.

मी पंचनामा केला आणि मावशीला संध्याकाळच्या बसने जायला सांगितलं.

संशयिताचं नशीब जास्तीत जास्त वाईट धरून पाहावं, तरीही त्याचं म्हणणं बसत नसेल तर ते खोटं, हे मी तिथे शिकलो. नव्या पोरांनाही बरीच वर्षं तेच शिकवलं, जरा ऐटीतच. मावशीच्या बाबतीत वाईटात वाईट काय होईल, याचा विचार मी केला नव्हता.

गेल्या महिन्यात कामशेतच्या बाजारात बेडशाचे एक आबा भेटले. मी मावशीची चौकशी केली.

"ती व्हय? चेन परत दिली म्हनून सोडली ना तुमी तिला? लेकीचं लगीन तवाच मोडलं. आता हितं न्हाई ऱ्हात ती."