दगडाखालची फाईल

मोबाईलवर बोटं चालवण्यात तेव्हा माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. लशीचे स्लॉट संध्याकाळी सहाच्या सुमारास खुले व्हायचे आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायचे. बीड शहरातले तर नजरेसही पडत नसत. मग आम्ही मुली पिनकोड बदलून बदलून बघायचो. केज, शिरूर कासार, जे सापडेल ते. तीन दिवस हात चोळत बसल्यावर चौथ्या दिवशी शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यातले तीन स्लॉट माझ्या हाती लागले. एक माझा, दोन माझ्या मैत्रिणींचे. एका नंबरवर चौघांची नोंद करता यायची, चौथी जागा रिकामीच राहिली. घरभर नाचले मी. खरं सांगायचं तर मला कुठंच जायचं नव्हतं. कॉलेज बंद, परीक्षा घरूनच. वर्गातल्या इतर मुलींना लस मिळाली आणि मला नाही, एवढंच माझं दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन स्कूटींवर आम्ही निघालो. नाक्यावर पोलिसाला स्लॉटचा मेसेज दाखवला की तो सोडायचा. ऊन मी म्हणत होतं, पावसाचा पत्ता नव्हता, आणि आम्ही सहलीला निघाल्यासारख्या खिदळत होतो. आज ते हसू आठवलं की माझाच मला राग येतो.

लसीकरण गावातल्या सोसायटीच्या गोदामात होतं. एरवी तिथं खताची पोती असतात, तो वास भिंतींना चिकटलेला. दारापासून पार लिंबाच्या झाडापर्यंत रांग लागलेली, पण रांगेत माणूस एकही नाही. चपला, पिशव्या, विटेचे तुकडे, एक उपडी बादली. माणसं सावलीला बसलेली. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुष्काळाच्या वर्षी आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा मी स्वतः पहाटे उठून हंडा लावून आलेली आहे. हंडा लावला म्हणजे नंबर लागला. मग घरी जाऊन झोपा, तुमच्या जागेला कुणी हात लावणार नाही. एकदा एका बाईनं आमचा हंडा सरकवून आपला पुढं घातला, तर माझी आई, जी कधी मोठ्यानं बोलत नसे, तिनं त्या बाईच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.

त्याच आईची लेक मी. त्या सगळ्या चपला-पिशव्या ओलांडून सरळ दाराशी गेले आणि मोबाईल पुढं केला.

"ताई, तुमी कावून मधीच?"

मागं वळून पाहिलं तर माझ्याच वयाची एक मुलगी. तोंडाला ओढणी बांधलेली, हाताच्या तळव्यांना घट्टे. "मी पाटंच्या चारला आलेय. तिसरा लंबर हाय माझा." तिनं बोट दाखवलं. रांगेत तिसऱ्या जागी प्लास्टिकची निळी फाईल होती, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. मी तीच ओलांडून आले होते.

दारातल्या सिस्टरनं तिला आधीच दोनदा सांगितलं असावं. त्या वैतागून म्हणाल्या, "अगं बाई, रांगेचं काही न्हाई. ज्याचं नाव यादीत हाय, त्यालाच. अन् यादी फोनवरून येती."

"फोन न्हाई ना आमच्याकडं. चुलत्याकडं हाय, तो साधा."

मैत्रिणी आत जाऊन टोचून घेऊन आल्या. माझी वेळ दुपारची होती, म्हणून मी लिंबाखाली बसले आणि ती मुलगी माझ्याशेजारी. तिला माझ्यावर चिडायलाही येत नव्हतं, हेच मला सहन होईना. बोलता बोलता कळलं ते असं. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेज बंद पडलं तेव्हा ऑनलाइन वर्ग तिच्या वाट्याला आलेच नाहीत, ती आईबापाबरोबर साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेली. आता बीडमध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी एक वसतिगृह उघडणार होतं. अट एकच, निदान एक डोस घेतल्याचा कागद. सोमवारपर्यंत. तो दिवस गुरुवारचा.

"जागा नाही मिळाली तर?" मी विचारलं.

"तर दसऱ्याला टोळीसंगं ऊस तोडायला. आईची कंबर गेलीय. तिच्या जागी मीच ना मग."

मी उठले, सिस्टरकडं गेले. म्हटलं, माझा डोस हिला द्या. मला काही घाई नाही.

"नाव तुझं, आधार तुझं, ओटीपी तुझा. हिला टोचलं तर माझी नोकरी जाईल."

"मग माझा रद्द करते, हिचं नाव घाला."

"माझ्या हातात कुठं हाय घालायचं? रद्द केला की तो परत फोनवर दिसणार. ज्याला घावला त्याचा."

पण मला माझ्या बोटांचा गर्व होता ना! रेंज फक्त गोदामाच्या गच्चीवर होती. आम्ही दोघी बाहेरच्या जिन्यानं वर गेलो. गच्ची इतकी तापलेली की चपलेतून चटका बसत होता. निळ्या फाईलमधून तिनं आधार कार्ड काढलं, त्यावरचा नंबर मी माझ्या मोबाईलवरच्या चौथ्या जागेत भरला. झाली नोंद. मग मी तिला म्हटलं, "आता बघ हं," आणि माझा स्लॉट रद्द केला.

क्षणभरात तो पुन्हा दिसला. त्या गावाच्या नावासमोर हिरवा एक. मी दाबला. कॅप्चाची वाकडीतिकडी अक्षरं आली, ती भरली. चाक गरागरा फिरत राहिलं. फिरतच राहिलं. मग लाल अक्षरं आली, स्लॉट शिल्लक नाही.

मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला वाटलं अजून चाललंय. "झालं का ताई?" तिनं विचारलं, आणि मला हुंदका आला.

दोन तासांनी माझ्याच वयाचा एकजण गाडीतून उतरला. मोबाईल नाचवत सिस्टरना म्हणाला, "नशीब बघा, सहज उघडलं आणि मिळाला." त्यालाही ती फाईल दिसली नाही. तो ओलांडून गेला. त्याला शिवी द्यावीशी वाटली, पण कुठल्या तोंडानं देणार? सकाळी मीही अशीच गेले होते. तिनं दगड बाजूला केला, फाईल झटकली. "जाऊ द्या ताई," म्हणाली. चुलत्याचा नंबर मात्र तिनं माझ्या मोबाईलमध्ये घालायला लावला, आणि तीन तीनदा तपासला.

पुढचे तीन दिवस मी मोबाईल खाली ठेवला नाही. शनिवारी केजचा एक स्लॉट सापडला, पण चुलत्याचा फोन लागेपर्यंत वेळ टळून गेली. सोमवार आला आणि गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मला बीडमध्येच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पहिला डोस मिळाला. मी घेतला. नाही कशाला म्हणू?

दिवाळीनंतर आमचं कॉलेज उघडलं, तेव्हा लशीचा नुसता सुकाळ. कॉलेजच्या हॉलमध्येच शिबिर भरलं. शिपाई मुलांना कँटीनमधून हाताला धरून आणत होते. ना स्लॉट, ना रांग. मी दुसरा डोस घेऊन खुर्चीत बसले आणि चुलत्याला फोन लावला. या वेळी पहिल्या झटक्यात लागला.

"ती व्हय? ती गेली ना कोयत्यावर. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी टोळी गेली. कुठल्या कारखान्याला ते मुकादमालाच ठाव."

"आणि कॉलेज?"

"आता कसलं कॉलेज, बाई."

मोबाईल हातातच होता. लशीचं पान उघडलं, तर माझ्या नावापुढं हिरवी खूण आली होती. मैत्रिणींच्या नावांपुढंही. चौथ्या ओळीत तिचं नाव, आणि खाली लाल अक्षरांत, लस घेतलेली नाही. माझ्या नंबरवर ती अजून रांगेतच होती.

टेबलावरच्या सिस्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून हाक दिली, "अजून कुणी आहे का? कुपी फोडलेली आहे, अर्ध्या तासानं टाकून द्यावी लागेल."

"एक आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग बोलाव की तिला! बसून काय राहिलीस?"