तिसऱ्या भागातला पैलवान

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानाला लागून पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यात व्हिडिओ गेमची दोन मशीनं. एकात मोटारी पळायच्या, दुसऱ्यात माणसं मारामारी करायची. मी सांगतोय ते मारामारीच्या मशीनबद्दल, कारण माझ्या धाकट्या भावाची काही वर्षं त्या मशीनवर टांगलेली होती. वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मलाही सुरुवातीला आलं होतं.

भाऊ सातवीत असताना त्याचा डावा हात कडबा कुट्टीच्या यंत्रात गेला. चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. दवाखान्यातून घरी येईपर्यंत गावाने त्याचं बारशातलं नाव बंद करून टाकलं होतं आणि 'थोटा' सुरू केलं होतं. आमच्याकडे हे कुणी दुष्टपणाने करत नाही. लंगडा, चकणा, थोटा, ही माणूस ओळखायची सोय. सुरुवातीला त्या हाकेला तो मान वळवायचा नाही. मग एक दिवस त्याने मुकाट्याने ओ दिली, आणि त्याच्या त्या ओ देण्याने माझं डोकं भडकलं. हाक मारणाऱ्याला मी शिव्या घातल्या. त्याला कळेना, काय चुकलं.

मशीनमध्ये आठ-दहा गडी होते, आपला गडी आपण निवडायचा. त्यात एक पैलवान होता. टक्कल, ढेरी, झुबकेदार मिशा आणि लाल लंगोट. चालायचा म्हशीसारखा, म्हणून त्याला कुणी घेत नसे. मशीनच्या डाव्या बाजूला दांडी, उजव्या बाजूला बटणं. बाकीच्या गड्यांचे डाव काढायचे तर दांडी गरागरा फिरवावी लागायची. पैलवानाचं तसं नव्हतं. दांडी मागे दाबून धरायची, त्याला दम भरू द्यायचा आणि बटण दाबायचं. तो समोरच्याला खांद्यावर उचलून आदळायचा. माझ्या भावाला दांडी फिरवता येत नव्हती, पण उरलेल्या तळव्याने मागे रेटून धरता येत होती.

खोलीचा नियम असा, की जिंकेल तो बसून राहील आणि हरेल तो उठेल. भाऊ बसून राहायला लागला. बाळापूरची, डोंगरकड्याची पोरं खास त्याला हरवायला यायची आणि उठून जायची. त्या खोलीत त्याला कुणी थोटा म्हणत नव्हतं. "वस्ताद, जरा सरका, बसू द्या," असं म्हणायचे. तिथून घरी आला की तो दोन भाकरी जास्त खायचा, वडिलांशी, म्हणजे आबांशी, कापसाबद्दल बोलायचा, आईची चेष्टा करायचा. मी मनातल्या मनात त्या ढेरपोट्या पैलवानाचे पाय धरायचो.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला दुकानदाराने नांदेडला जुनं मशीन देऊन खेळाचा दुसरा भाग आणला. गडी तेच, चित्रं नवी. पैलवानाची ढेरी गेली होती, मिशा कातरल्या होत्या, लंगोटाच्या जागी पँट आली होती. "पैलवान पुण्याला नोकरीला लागलेला दिसतो," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. भाऊही हसला. मग त्याने दांडी मागे धरली, नेहमीसारखा दम भरू दिला आणि बटण दाबलं. पैलवानाने समोरच्याला एक साधी चापट मारली. पुन्हा दाबलं, पुन्हा चापट. नव्या भागात त्याचा उचलून आदळायचा डाव दांडी अर्धी गोल फिरवल्याशिवाय निघतच नव्हता. भाऊ हरला. पुन्हा नंबर लावून बसला, दुसऱ्यांदा हरला. तिसऱ्यांदा तो उठायला वेळ लावून राहिला, तेव्हा मागून आवाज आला, "थोट्या, ऊठ की आता."

त्यानंतरचे महिने मला आठवायला नको वाटतात. त्याने गोठ्यात एका फळीला ढिली खुंटी बसवली आणि तळव्याने ती फिरवायची प्रॅक्टिस सुरू केली. जुनी जखम उघडली. आई हळद भरायला बसली की विचारायची, "काहून हात सोलून राहिला रे लेकरा?" तो म्हणायचा, "फिरायलाच पाह्यजे, आई." हात आलटून पालटूनही त्याने बघितलं. उजवा दांडीवर, डावा बटणांवर. पण तळवा एका वेळी तीन बटणांवर पडायचा आणि पैलवान जागच्या जागी उड्या मारायचा. पोरं हसून लोळायची.

दुकानदाराला तो म्हणाला, जुनं मशीन परत आणा. "तुझ्या एकट्यासाठी दुकान चालवू का बाबा?" दुकानदार म्हणाला. त्याचं चूक नव्हतं, तरी मला त्याचा राग आला, आजही आहे. मी भावाला म्हणालो, आपण दुसरीकडे शोधू, कुठेतरी जुना भाग असेल. तेव्हा आबा बाजेवर बसून ऐकत होते.

"उगं फिरू नका," आबा म्हणाले. "कंपनीनं बदललं की बदललं. बियाण्याच्या पिशवीवर नाव तेच ऱ्हाते, आत बी दुसरं. जुनं वाण मागून बघा कोन्या दुकानात, भेटते का."

आम्हाला ते शंभर टक्के पटलं. लहानपणापासून आम्ही हेच बघत आलो होतो. कपाशीचं एखादं वाण बंद झालं की ते हिंगोलीत नसायचं, नांदेडला नसायचं, कुठेच नसायचं. तेव्हा पैलवान बदलला तो सगळीकडेच बदलला असणार. आम्ही शोधलंच नाही.

भावाने फाट्यावर जाणं सोडलं. मग लग्नाकार्याला जाणं सोडलं. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. त्याला विहिरीच्या काठावर बसायची सवय लागली आणि मला शेतातून त्याला काम नसताना हाका मारायची. एकदा मी जवळ जाऊन बसलो तर पाण्याकडे बघत म्हणाला, "दादा, मी कशाच्याच कामाचा न्हाई." मी काहीतरी समजुतीचं बोललो. काय बोललो ते मलाही ऐकू आलं नाही, इतकी भीती वाटली होती.

अशीच काही वर्षं गेली. मग एका लग्नात आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचा एक जीपवाला भेटला. बोलता बोलता म्हणाला, "आमच्याकडं त्यो मिशीवाला पैलवान हाय की अजून. पोरं खेळून राहिलेत." मी वऱ्हाडातून उठून घरी पळालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं हिंगोलीला आणि तिथून जीपने गोरेगावला गेलो. भावाने नवा शर्ट घातला होता.

तिथे मशीन होतं त्या खोलीत मोबाईलचं दुकान निघालं होतं. "मशीन ना? गेलं भंगारात," दुकानातला माणूस म्हणाला. "पंधरा दिवस झाले असतील."

"चालू होतं का पण?" भावाने विचारलं. "दांडी बराबर होती?"

"एकदम बराबर."

म्हणजे इतकी वर्षं जुना पैलवान आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर उभा होता, आणि आम्ही विहिरीवर बसून होतो. मला आबांवर ओरडावंसं वाटत होतं, पण घरी पोचलो तेव्हा ते बैलांना पाणी पाजत होते आणि माझ्याच्याने झालं नाही.

पुढच्या वर्षी फाट्यावर तिसरा भाग आला. दुकानदाराने स्वतः निरोप पाठवला, पोराला घेऊन या म्हणून. आम्ही गेलो. पोरांनी वाट करून दिली. पडद्यावर पैलवान आला. त्याचा डावा हात कोपरापासून गेला होता आणि तिथे लोखंडाचा हात बसवला होता.

"वस्ताद, आता त्यो तुमच्यासारखाच झाला," एक पोरगं म्हणालं. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. खुर्चीवरचा खेळणारा आपणहून उठला.

भाऊ बसला. दांडीवर तळवा ठेवला, मागे रेटली, दम भरू दिला. पैलवान मागे सरकत गेला, पार भिंतीपर्यंत, आणि मार खात राहिला. "वस्ताद, दांडी दोनदा पुरी गोल फिरवा लागते," दुकानदार हळूच म्हणाला. भावाने ऐकलं. तरी त्याने दांडी मागेच दाबून धरली, पैलवान आडवा होईपर्यंत.

मग तो उठला. ऊठ असं कुणी म्हटलं नव्हतं. शेजारच्या पोराला त्याने खुर्ची दिली आणि म्हणाला, "ह्यालाच घे. बघू दे मले कसा चालते हात."

पोराने दांडी दोनदा गरकन फिरवली. लोखंडी हात वर गेला, समोरचा गडी त्याने उचलून आदळला आणि सगळी खोली ओरडली. भाऊही मान हलवून 'छान' म्हणाला, आणि डावा हात पँटच्या खिशात घातला. त्या खोलीत त्याला हात लपवताना मी पहिल्यांदाच बघत होतो.